रिंग धुवायची राहून गेली

१२ जानेवारी १९३६, जळगाव.
धुळ्याहून परतलो. तीन बाळंतपणांनंतर बायकोचं, भागाबाईचं, अंग बाहेर येत होतं. डॉक्टरीणबाईंनी आत रबरी रिंग बसवली. दर तीन महिन्यांनी आणा, काढून धुवावी लागते, असं बजावलं. जबाबदारी माझी. कचेरीत माझ्याइतका वक्तशीर कारकून नाही!

१० एप्रिल.
आज धुळं ठरलं होतं. पण ही भरलेले हंडे खुशाल उचलते. चालत्या गाड्याला खीळ कशाला? पापड झाले की नक्की.

२ ऑगस्ट.
इन्स्पेक्शन. रजा नाही. हिला वास येतो म्हणे. अत्तर आणून दिलं. बायकोसाठी इतकं कोण करतं?

१९ सप्टेंबर.
रजा मंजूर! आणि नेमकं हिचं रक्त जायला लागलं. साहजिकच बाजूला बसली. विटाळशीला गाडीच्या डब्यात चारचौघांत नेणार कशी? न्हाली की लगेच निघू. तोवर स्वयंपाक मी. भात करपला.

२७ सप्टेंबर.
अजून बसलेलीच. रजा वाया. माझ्याच नशिबी हे का?

३ ऑक्टोबर, संध्याकाळ.
ही रडली. म्हणाली, "आते सोसत नही. धुळ्याले कव्हय जाऊत?" मी समजावलं, आधी रक्त थांबू दे, मग ते थांबवायला जाऊ. बोललो खरा, पण यात काहीतरी चुकतंय. उद्या विचार करीन.

४ ऑक्टोबर, सकाळ.
अंग तव्यासारखं तापलंय, असं ती सांगते. मी हात लावला नाही. प्यायचं पाणी वरून तिच्या ओंजळीत ओतलं. देवा, हिला काही झालं तर मी काय करू? आज जायचंच. शिवलो तर शिवलो! फक्त आधी पूजा उरकतो, नंतर सोवळं राहणार नाही.

तोच दिवस, ९ वाजता.
पूजा करून आलो. घोंगडी रिकामी. शेजारची धुरपदाबाई तिला कवेत धरून स्टेशनवर घेऊन गेली म्हणे.

६ ऑक्टोबर, धुळे.
रिंग मांसात रुतली होती. रक्त तिच्यामुळेच जात होतं. कापून काढली. जीव वाचला. व्हरांड्यात ढसाढसा रडलो.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, जखम भरली की नवी बसवू. पण दर तीन महिन्यांनी हिला आणणार कोण? मी पुढे होऊन म्हणालो, मी.
भागाबाईने माझ्याकडे पाहिलंही नाही. म्हणाली, "माले धुरपदाबाई घेई येई."
डॉक्टरीणबाईंनी तेच नाव लिहून घेतलं.