ओली लगड

बोईसर, मंगळवार, १२ फेब्रुवारी १९८५

आज माझ्या हातून सदाशिव मेला असता. पंपाची झाकणं ओतायला आम्ही दोघं ॲल्युमिनियमच्या लगडी वितळवत होतो. ओली लगड रसात पडली की स्फोट होतो, हे मला माहीत होतं. तरी घाईत एक भिजलेली लगड न तापवताच भट्टीत सोडली. उकळता रस उसळून सदाशिवच्या मानेजवळून गेला. नुसता शर्ट जळला.

"कोणी टाकली?" साहेबांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत सदाशिव म्हणाला, "माज्या हातून गेली, सायेब."

नंतर मला म्हणाला, "तू अजून कायम नाय झालास. गप ऱ्हा."

त्याला आठ दिवस घरी बसवलंय. मी गप्प का राहिलो? सकाळी साहेबांना खरं सांगणार आहे. फार भीती वाटते. बायकोला अजून सांगितलं नाही.