शिवाजीकाकांच्या मागचं ‘कै.’

पालघर, ता. ४ मे १९९६

ती. सौ. सुलूताईस,

रामनाथचा वाकून नमस्कार. आम्ही माहीम-पालघर ये-जा करत सुखरूप आहोत. भावोजींचा खोकला बोईसरच्या कारखान्यांच्या हवेत थांबला का? (थांबणार नाही, ठाऊक आहे, पण विचारायची रीत आहे.) आई, म्हणजे तुझी मावशी, अजून मला बोलते आहे, की रविवारी तुला जेवू न घालता बटणं दाबायला बसवलं.

ताई, तुझे उपकार कसे फेडू? जमुनाच्या भावाच्या लग्नाची पत्रिका माझ्या छपाईच्या दुकानात आली तेव्हा मला वाटलं, देवच पावला. जमुनाशी लग्न करायचं तर तिच्या वडिलांवर, शिवाजीकाकांवर, छाप पडायला हवी. पत्रिकेच्या तळाशी ‘श्री. शिवाजी चुरी’ आणि खालच्या ओळीत ‘कै. नामदेव चुरी परिवार’, एवढंच होतं. खालची ओळ खाली ढकलायला मी नव्या कॉम्प्युटरवरही टाइपरायटरच्या सवयीने स्पेसबार बडवला. (टाइपरायटरने मला कधी दगा दिला नव्हता.) मग करवल्यांची दोन नावं राहिली, म्हणून अक्षर बारीक केलं. जागा झाल्याबरोबर ‘कै.’ टुणकन वर गेलं आणि काकांच्या नावामागे जाऊन बसलं. नामदेव आजोबा, जाऊन वीस वर्षं झालेले, खाली मोकळे! नमुना जमुनाने नेला, पसंत म्हणून परत आणला, आणि मी दोनशे प्रती छापल्या.

जमुनाची एडवणची आत्या पत्रिका हातात घेऊन रडतच त्यांच्या घरी आली. दार काकांनीच उघडलं. ती म्हणाली, “शिवा, तू हायस?” काका म्हणाले, “हाय ना! मना काय झाला?” पुढचं तुला माहीत आहे. काका माझ्या दुकानापर्यंत चालत आले, आणि ते जिवंत आहेत याबद्दल बाजारात कुणालाच शंका उरली नाही.

तू आलीस, कंट्रोल आणि शिफ्ट दाबून धरून स्पेस मारलीस, आणि ‘कै.’ नामदेव आजोबांना कायमचं बांधलंस. मध्ये जागा दिसते, पण जोडी तुटत नाही! ते पाहून मला अक्षरशः रडू आलं. (तू चहा करायला गेलीस तेव्हा मी आनंदाच्या भरात पत्रिकेतली एकूणएक मोकळी जागा तशीच बांधून टाकली, आणि यंत्राने ‘चिरं’ एका ओळीत, ‘जीव’ दुसऱ्या ओळीत टाकला. त्याबद्दल पुन्हा माफी.) नवी पत्रिका काकांनी तीनदा वाचली आणि ‘बरी हाय’ म्हणाले. ते तुझ्यामुळे.

तुझा ऋणी,
रामनाथ

ता. क. : काका आता तुझा शब्द खाली पडू देणार नाहीत. लग्नाला येशील तेव्हा माझ्यासाठी जमुनाचा विषय काढ.

ता. क. २ : काल जमुनाने कबूल केलं. नमुन्यातलं ‘कै.’ तिने पाहिलं होतं. मीही पाहीन, दुरुस्त करीन, आणि तिला पुन्हा दुकानात यायला मिळेल, म्हणून ती गप्प राहिली. हे काकांना सांगू नकोस. पण विषय आधी काढ, जेवण मग.