नव्या काठानंतरची झोप

आंधळगाव, १२ जानेवारी २०२६

प्रिय रुपावहिनी,

आधी एक चूक दुरुस्त करते, नाहीतर पुढचं काही लिहवणार नाही. मागच्या पत्रात मी लिहिलं होतं, तू या घरात येण्याआधी तीन दिवस मागावरून हलले नाही म्हणून करवती काठ मला पहिल्यांदा जमला. ते खरं नाही. त्या तीन दिवसांत मी फक्त धागे तोडले. चौथ्या दिवशी दुपारी अंगात कणकण आली, आईने हाताला धरून उठवलं आणि झोपवलं. दोन तासांनी उठून आईसोबत मागावर बसले, आडव्या धाग्याचा धोटा सहज फेकला, आणि वहिनी, काठाचा लाल धागा साडीच्या अंगाच्या कोसा रेशमात करवतीच्या दातांसारखा नीट बसला! मी अशी ओरडले की कुंदनदादा चहा टाकून धावत आला, त्याला वाटलं विंचू चावला.

परवा कॉलेजात मानसशास्त्राच्या तासाला याचं कारण कळलं आणि तेव्हापासून मला चैन नाही. झोपेचे टप्पे असतात. हलक्या झोपेत मेंदूत वेगवान लहरी थोडा थोडा वेळ उसळतात; हाताने शिकलेली कामं तेव्हा पक्की होतात. मग गाढ झोप. तीत मेंदू दिवसभराचं पुन्हा गिरवतो आणि तात्पुरत्या जागेतून कायमच्या जागी नेऊन ठेवतो. मग स्वप्नांची झोप, तीत नवं जुन्याशी जोडलं जातं. कोणत्या टप्प्याचं नेमकं काय काम यावर अजून वाद आहे असं मॅडम म्हणाल्या, म्हणून हे सगळं 'असं मानतात' म्हणूनच वाच. पण आईला तर हे आधीपासून ठाऊक होतं! तिच्या माहेरी नवा काठ दाखवला की शिकणारीला मागावरून उठवून निजायलाच लावत.

तू हा काठ शिकत होतीस तेव्हा तुलाही ती झोपायला पाठवू पाहायची. "काहून बसवून राहिली तिले? झोपू दे, हात झोपेतच वळन," असं मला म्हणाली होती. मला तो आळस वाटला. चार दुपारी मी तुला उठू दिलं नाही, आणि धागे तुटले तेव्हा म्हणाले, तुझे हात धान रोवायचेच. तू हसून म्हणालीस, "येजो आमच्या एकोडीले, चिखलातून पाय काढून दाखवजो." पण दुसऱ्या दिवशी तू मागावर बसली नाहीस, आणि आठवड्याभरात माहेरी गेलीस. घरी सगळे समजतात, कापणीला गेली. कापणी संपून महिना झाला.

दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक, अशा तीन धोट्यांचा हा माग दोघींशिवाय चालत नाही. आईची नजर आता धाग्यावर ठरत नाही. दुसरी कोणी बसली नाही तर महिनाअखेर माग मोडायचा म्हणते. तू माझ्यामुळे गेलीस हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. तुझा हात कच्चा नव्हता, वहिनी. मीच त्याला झोप मिळू दिली नाही. एवढं कबूल करायला हे पत्र लिहायला घेतलं. आईला सगळं सांगून मी पहिल्या बसने एकोडीला निघेन, तुझ्या आईबाबांसमोर तुझी माफी मागायला, आणि तू हो म्हणालीस तर तुला सोबत आणायला. येत्या रविवारी, १८ जानेवारीला.

तुझीच नणंद,
रुचिका