माणसाला 'हू', वस्तूला 'व्हिच'

सोम., ७ जुलै
पाचवी ब. रिलेटिव्ह प्रोनाउन्स. माणसाला हू, वस्तूला व्हिच. 'जो–तो, जी–ती' असं मराठीतून सांगितलं की पोरांना पटकन कळतं. पण इंग्लिश मीडियमच्या वर्गातून मराठी ऐकू गेलं की ऑफिसात बोलावणं. दार लावून घेतलं आणि सांगितलंच.
गृहपाठ : घरातल्यांवर पाच वाक्यं.

मंगळ., ८ जुलै
अन्वीची वही. 'ब्रूनो इज अवर डॉग हू स्लीप्स ऑन माय बेड.' त्याच्याच खाली, 'वी हॅव अ मेड व्हिच वॉशेस अवर युटेन्सिल्स.'
लाल गोल करून पुढे जायचं. नाही जमलं. तिला उभं केलं. "कुत्रा माणूस आणि बाई वस्तू? घरी हेच शिकवतात का?" वर्ग हसला. अन्वी रडली.
दहा वर्षांची पोर. 'घरी' म्हणायला नको होतं.
डोंबिवलीत लोकांची भांडी घासून आईने मला डी.एड. केलं. स्टाफरूममध्ये मात्र माझी आई 'गृहिणी' आहे.

गुरु., १० जुलै
अन्वीची आई आली. कोलशेतच्या नव्या टॉवरमधली.
"मिस, इट्स जस्ट ग्रामर. माझ्या मुलीला तुम्ही सगळ्यांसमोर ह्युमिलिएट केलंत."
मी विचारलं, "तुमच्याकडच्या मावशींचं नाव काय?"
"त्याचा इथे काय संबंध?"
कोऑर्डिनेटर मॅडम म्हणाल्या, "सोनाली, इनफ." अन्वीची आई गेल्यावर आवाज खाली आणून, "सोमवारी पहिल्या तासाला वर्गासमोर सॉरी म्हण. यंदा तुला पर्मनंट करायचं चाललंय. उगाच कशाला?"
उगाच. बरोबर.

शुक्र., ११ जुलै
मधल्या सुट्टीत अन्वी टेबलाशी आली. मला वाटलं, वही दाखवायला.
"मिस, मावशी आता येत नाही."
का म्हणून विचारलं. अन्वीने तिला वाक्याचं सगळं सांगितलं होतं, सॉरीही म्हणाली होती. मावशीने मग मम्मीला हसत हसतच विचारलं, "काय ताई, मी वस्तू हाय का?" मम्मीने सांगितलं, उद्यापासून येऊ नको.
"मम्मी म्हणते, तुमच्यामुळे झालं."
बेल झाली. पुढचा तास व्हर्ब्जचा घेतला. काय शिकवलं, देव जाणे.

शनि., १२ जुलै
शाळा सुटल्यावर टॉवरच्या गेटवर गेले. वॉचमन म्हणाला, "कौनसी मावशी, मॅडम? सुबह लाइन लगती है यहाँ." अन्वीचा फ्लॅट सांगितल्यावर आठवलं त्याला. दुसऱ्या विंगमध्ये एक घर अजून आहे तिच्याकडे. सकाळीच येते. उद्या तिची सुट्टी.
घरी आईला सगळं सांगितलं. वाटलं, चिडेल. निदान माझी पाठ थोपटेल.
भाजी निवडता निवडता म्हणाली, "माग माफी. मी काय कमी मागितल्या? कामाचं घर टिकवायचं म्हणजे मागावी लागते."
"आणि ती बाई, आई?"
"तिने तुला सांगितलं होतं का, माझ्यासाठी भांड म्हणून?"

रवि., १३ जुलै
दिवसभर अंग दुखतंय.
उद्या पहिला तास. मावशी गेटवर येते तीही वेळ तीच. गाठून तरी तिला काय सांगणार? तुमची बाजू घेतली होती, म्हणून?
मॅडमचा मेसेज आला : 'उद्या लवकर ये. अन्वीची आईही वर्गात बसणार आहे.'
अजून उत्तर दिलं नाही.