धर्मबाप प्रशिक्षक

प्रिय ल्युबिशा,

मुलांना वॉटरपोलोला घालून तलावाकाठी कुडकुडणाऱ्या आपणा सगळ्या आईबापांचं दुखणं एकच: आपलं मूल पाण्यात कमी, बाकावर जास्त. पण आपली इस्क्रा संघात सगळ्यांत जोरात पोहते, आणि तरीही बाकावर! का, तर प्रशिक्षक वुक्सान तिचा धर्मबाप.

काल मी त्याला गाठलंच. म्हणाला, "स्ताना वहिनी, बाप्तिस्म्याला मी तिला हातात धरलंय. तिला खेळवलं तर गाव म्हणेल, वुक्सान आपल्याच माणसांना पुढे करतो."

"म्हणजे तू परका असतास तर?"

"तर पाण्यात उतरणाऱ्या पहिल्या सातांत असती!" आणि हे त्याने छाती फुगवून सांगितलं!

आखातापलीकडचा संघ तिला घ्यायला तयार आहे. तू मात्र जहाजावरून सांगतोस, "वर्षभर थांबू, धर्मबापाला दुखवू नये." अरे, वर्षभराने वुक्सान बदलेल? स्वतःचं नाव स्वच्छ ठेवायला दुसऱ्याचं लेकरू वापरणारा सज्जन कधी बदलत नसतो. बदलतेय ती इस्क्रा. परवा सामना संपल्यावर पोहण्याची टोपी कोरडीच हातात घेऊन तिने विचारलं, "आई, धर्मबाप बदलता येतो का गं?"

याआधीची पत्रं मी फाडली. हेही फाडीन, कारण समुद्रावर तुझा जीव टांगणीला लावणं मला जमत नाही. पण रविवारी तू घरी येशील तेव्हा वुक्सान जेवायला असेल. तुला दारातच सांगेन: त्याच्या पेल्यात राकियाची दारू ओतण्याआधी त्याला तोंडावर सांग, इस्क्रा उद्यापासून पलीकडे खेळणार.

तुझी, संतापलेली
स्ताना