गाठ मारलेले मोजे

४ मार्च
आज पुन्हा! धुण्याच्या ढिगात वावटळचे मोजे — मातीने माखलेले, एकमेकांना घट्ट गाठ मारलेले.

वावटळ — मैदानावरच्या वेगामुळे सगळे त्याला हेच म्हणायचे — जाऊन महिना उलटला. सराव करताना छाती धरून खाली बसला, तो उठलाच नाही. असा फुटबॉलपटू आमच्या क्लबाला पुन्हा मिळायचा नाही.

आई क्लबाचं धुणं धुते. जोडी हरवू नये म्हणून मोज्यांना गाठ मारून टाकायची खोड त्याला एकट्यालाच. आई करवादायची, "नखं राहिली नाहीत रे मेल्या!" तो दाराआडून हसायचा. "मावशी, तेवढ्यासाठीच तर मारतो!"

आजही तिने गाठ सोडवली, आजही ओरडली. फक्त 'मेल्या' म्हणाली नाही.

गेलेल्या माणसावर ओरडताना मॅनेजरने ऐकलं. मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुम्ही शिकलेल्या आहात. आईंना आता घरी बसवा." घरी बसवलं तर ती खचेल. या कामावरच तर तिने मला पदवीधर केलं!

५ मार्च
भुतांना मोजे लागत नाहीत. कुणीतरी माणूसच आहे.

११ मार्च
सापडला! गोलकीपर! सरावानंतर कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून गाठ मारत होता. मला बघून एवढा धिप्पाड माणूस लहान मुलासारखा रडला.

"त्याचे मोजे मीच घालतो, ताई. मावशी ओरडतात ना, ते ऐकायला दाराबाहेर थांबतो. वाटतं, तो आहे अजून."

मी म्हटलं, "दादा, तुमच्या या वाटण्यापायी आईची नोकरी जाईल."

त्याने गाठ सोडली, मोजे माझ्या हातात दिले. मी ते घरी नेऊन धुतले, वाळवून माझ्या कपाटात ठेवले. कुलूप लावलं.

१२ मार्च
आईला सगळं सांगितलं. "बरं झालं," एवढंच म्हणाली.

१८ मार्च
मॅनेजर खूश. "आई आता ताळ्यावर आल्या हो!" नोकरी राहिली. खरं ते बाहेर काढलं, यात माझं काय चुकलं? पण आई कपडे पिळते, वाळत घालते — तोंडातून शब्द नाही. मध्येच थांबून दाराकडे बघते.

२५ मार्च
संघ कालपासून परगावी. गोलकीपरही. आईला कणकण, म्हणून क्लबात मी एकटीच. दुपारी साडी बदलायला घरी आले. कपाटाची किल्ली माझ्याच गळ्यात होती.

कपाट उघडलं, तर मोजे ओले. पायाच्या उबेने कोमट. गाठ मारलेली.

तिथेच खाली बसून सोडवायला लागले. सुटेना. एक नख तुटलं आणि तोंडातून निघून गेलं — "नखं राहिली नाहीत रे!"

दाराआडून कुणीतरी हसलं.

आतल्या खोलीतून आई म्हणाली, "अगं, नीट ओरड त्याच्यावर. इतके दिवस वाट बघतोय."