मागच्या सीटवरचा केवलचंद

नारायणगाव, डिसेंबर २००२

राजमान्य राजश्री सावळेरामभाऊ, मुक्काम भोसरी, यांस रखमाजीचा मनापासून रामराम. इकडं सगळे खुशाल आहेत, निदान तसं सांगतात तरी. तुमची कंबर कशी आहे? डॉक्टरनं दिलेला पट्टा बांधता, की घडी करून कपाटात ठेवून दिलात? (ठेवला असेल तर माझ्याकडं पाठवा, गाडीवर बसायला बरा.) पोरांना आशीर्वाद. तुमच्या भगिनी कुशाबाई यांची तब्येत उत्तम आहे, अलीकडं जरा जास्तच उत्तम आहे, आणि त्याचाच मला घोर लागला आहे. हे पत्र वाचून झालं की फाडून टाका. यातला एक शब्दही त्यांच्या कानावर जाता कामा नये. त्या सध्या समोरच्या पार्टीत आहेत.

तुम्हाला माझा स्वभाव ठाऊक आहे. मी कोणावर उगाच संशय घेत नाही. एसटीच्या डेपोत जन्मभर स्टोअर सांभाळलं, नटबोल्टपासून टायरपर्यंत सगळं माझ्या हातून गेलं, आणि त्या नोकरीनं एवढंच शिकवलं की माणूस गोड बोलायला लागला की आधी त्याच्या पिशवीकडं बघावं. रिटायर झाल्यापासून मी रोज संध्याकाळी मोटारसायकलवर येडगावला जातो, धरणाच्या फुगवट्याकडेच्या आपल्या तुकड्यावर. वीज कधी येते कधी जाते, पण पाण्याची मोटर चालू करायला माणूस तिथं असावा लागतो, आणि वाटेकऱ्यावर ती सोडायची माझी तयारी नाही. गाडी मी जपून चालवतो. हेल्मेट घालतो, स्वेटरच्या आत छातीला वर्तमानपत्र लावतो, पेट्रोल भल्या सकाळी भरतो (थंडीत ते आकसलेलं असतं, तेवढ्याच पैशात जास्त येतं, हे पंपावरची पोरं कबूल करत नाहीत यावरूनच खरं असावं), आणि कॅनॉलच्या रस्त्याला उतार लागला की इंजिन बंद करून गाडी नुसती सोडून देतो. इंजिन बंद झालं की दिवाही जातो, पण मग दिव्याचीही बचत होते.

दिव्यावरून आठवलं. गॅरेजवाल्या पप्पूनं माझ्या हेडलाइटचा बल्ब बदलला आहे. चांगला काढून घेतला आणि मिणमिणता घातला. मी त्याला तोंडावर सांगितलं. तो म्हणाला, "काका, बल्ब त्योच हाय. मी हात बी लावला न्हाई." पण उन्हाळ्यात मला त्या दिव्यात रस्त्यावरचा खडान् खडा दिसायचा आणि आता सगळीकडं धुराळा दिसतो, तर बल्ब गेला कुठं? शिवाय बांधकाम खात्यानं गुपचूप दोन-तीन नवे गतिरोधक टाकलेत, आणि म्हशीसुद्धा आता रस्त्याच्या रंगाच्याच पाळायला लागलेत लोक. असो.

मुख्य गोष्ट केवलचंदची. पेठेतलं किराणा दुकान, तुम्ही त्याला आमच्या आरतीच्या लग्नात पाहिलं आहे, वाढपाला उभा होता तो. आमची जुनी ओळख. आता दुकान त्याचा मुलगा संयम बघतो. तर दिवाळी झाली आणि हा गृहस्थ एका संध्याकाळी माझ्या दारात उभा. म्हणाला, "रखमाजी, आजपासून मी बी येतो तुमच्याबरोबर. धरणावर हवा चांगली असती." भाऊ, तुम्हीच विचार करा. जन्मभर गुळाच्या ढेपा आणि मिरचीच्या पोत्यांत बसलेला माणूस, याला एकाएकी हवा कशाला लागते? वर म्हणाला की पेट्रोलचा निम्मा खर्च मी देतो. मी मागितला नव्हता. न मागता पैसे देणारा व्यापारी मी आजवर पाहिलेला नाही. मी त्याच वेळी सावध झालो. (पैसे घेतले. नाही म्हटलं असतं तर मला कळलंय हे त्याला कळलं असतं.)

आता इकडची हकिकत तुम्हाला माहीत नसेल. धरणाकडेच्या जमिनी पुण्यामुंबईचे लोक बंगल्यांसाठी मागायला लागलेत. एजंट फिरतात. आणि केवलचंद मागं बसून रोज विचारतो, "रखमाजी, त्या बांधावर पांढरं काय दिसतंय वो?" मी म्हणतो, बगळा. तो म्हणतो, "बरं." दुसऱ्या दिवशी, "ती पलीकडची खूण तुमचीच का? तिथं कोण उभं हाय?" मी म्हणतो, कोणी नाही, बाभळ आहे. तो पुन्हा "बरं." हा माणूस माझ्या जमिनीची मोजणी करत होता, भाऊ, आणि मोजणी माझ्याच तोंडून करून घेत होता. मी त्याला सरळ विचारलं की तुला काय करायचंय माझ्या हद्दीशी, तर ऐकूच आलं नाही. हे आणखी एक. दुकानात चिमूटभर साखर सांडली तर आवाजावरून ओळखणारा माणूस, गाडीवर बसला की ठार बहिरा. मी काही विचारलं, चार शब्द सुनावले, की मागून उत्तर नाही. नुसता खांद्यावर हात. कधी डाव्या खांद्यावर थाप, कधी उजव्या. मला वाटलं, त्याला वाताचे झटके येत असतील.

मग बिबट्याचं प्रकरण झालं. म्हणजे बिबट्या नव्हताच, ते मी आधीच सांगून ठेवतो, कारण तुमच्या भगिनी तुम्हाला वेगळं सांगतील. दिवेलागणीची वेळ. आम्ही उतारावर होतो, इंजिन बंद, दिवा बंद, गाडी आवाज न करता चाललेली, दोन्ही अंगाला ऊस. मधोमध गेणभाऊंचा कुत्रा बसलेला. गेणभाऊंचा मळा तिथंच आहे आणि त्यांचा कुत्रा तपकिरी आहे, हे सगळ्या गावाला माहीत आहे. मी ब्रेक दाबून अगदी त्याच्यापुढं गाडी उभी केली आणि म्हणालो, सरक रे मोत्या. तो सरकेना. माझ्याकडं बघून त्यानं जांभई दिली. केवलचंदनं मागून माझ्या कमरेला असा विळखा घातला की माझा श्वास अडकला, आणि कानाशी काहीतरी पुटपुटायला लागला, त्यांचा जैनांचा मंत्र असावा. मी पिशवीतली अर्धी भाकरी काढून कुत्र्यापुढं टाकली. त्यानं हुंगली, खाल्ली नाही, उठला आणि सावकाश उसात गेला. शेपूट जरा लांब वाटली. पण गेणभाऊ जनावराला खाऊपिऊ चांगलं घालतात.

मग केवलचंद बोलला. "रखमाजी, गाडी चालू करा. दिवा लावा. आन् हॉर्न वाजवत चला." दुसऱ्या दिवशी सगळ्या पेठेत बोभाटा, की रखमाजीनं बिबट्याला भाकरी घातली. मला लगेच उमगलं. बिबट्या आहे म्हटलं की बंगलेवाले येत नाहीत, बंगलेवाले आले नाहीत की जमिनीचा भाव पडतो, आणि भाव पडला की घेणार कोण? ज्याला संध्याकाळची हवा लागते तो. वनखात्याचे लोक आले, पिंजरा लावला, आत शेळी बांधली, आणि हो, दोनतीन दिवसांनी त्यात बिबट्या सापडला. पण तो तोच होता हे कशावरून? पिंजऱ्यात शेळी बांधल्यावर बिबट्याच येणार, मोत्या कशाला जाईल? मी गेणभाऊंकडं चौकशीला गेलो तर ते म्हणाले, "आमचा कुत्रा मागच्या उन्हाळ्यातच गेला की वो." गेणभाऊंनाही फोडलंय त्यानं.

यानंतर मी ठरवलं की केवलचंदच्या थापांकडं लक्ष द्यायचं नाही. त्याचा परिणाम असा झाला की गेल्या सोमवारी आम्ही दोघं कॅनॉलच्या पाण्याच्या चारीत पडलो. चूक माझी नाही. बांधकाम खात्यानं कॅनॉलवरचं वळण हलवलंय. केवलचंद उजव्या खांद्यावर थापा मारत होता, मग बुक्क्या मारायला लागला, मी समजलो की याला थांबून आणखी कोणाचा बांध बघायचा असेल, म्हणून मुद्दाम सरळ गेलो. रस्ता सरळ गेला नाही. चारीत पाणी गुडघाभर आणि चिखल त्याहून जास्त. माझं डावं मनगट मुरगळलं, केवलचंदचा गुडघा सोलला, त्याचा चष्मा वाहून गेला. आणि तो माणूस चिखलातून उठला तो आधी माझ्याजवळ आला, माझं हेल्मेट काढलं, तोंड पुसलं आणि विचारलं, "डोळ्याला काय लागलं न्हाई ना?" आता माणूस पडला तर आपण हात बघतो, पाय बघतो. याला माझ्या डोळ्यांचं काय पडलंय? हे वाक्य मी मनात जपून ठेवलं आहे.

तेव्हापासून मी घरी. मनगटाला फडकं, गाडीची किल्ली कुशाबाईंच्या कनवटीला. आणि रोज संध्याकाळी केवलचंद लंगडत येतो, कुशाबाई त्याला आलं घातलेला चहा देतात (मला साधा), किल्ली त्याच्या हातात देतात, आणि तो माझ्या गाडीवर बसून माझ्या शेतावर माझी मोटर चालू करायला जातो. मी ओट्यावर बसून बघतो. तलाठी एखाद्या दिवशी पीकपाहणीला आला आणि याला तिथं पाण्यात उभं बघितलं, तर सातबाऱ्यावर नाव कोणाचं लागेल? मी कुशाबाईंना तसं बोललो. त्या म्हणाल्या, "तुमी गप पडून ऱ्हावा." यापूर्वी त्या असं कधी बोलल्या नव्हत्या. म्हणजे बोलल्या होत्या, पण हसत नव्हत्या.

एकूण असा सगळा प्रकार आहे. मी खचलेलो नाही. लक्ष ठेवून आहे. वहिनींना नमस्कार सांगावा, आणि कोणीही तुम्हाला हवा खायला चला म्हणालं तर आधी दाराला कडी लावा.

आपला मेहुणा,
रखमाजी

ता. क. आरतीला महाळुंग्याला यातलं काही कळवू नका. ती लगेच येईल आणि मग घरात माझ्याविरुद्ध तिघं होतील.

ता. क. दुसरा. खरं काम लिहायचं राहिलं. माझं लायसन या महिन्यात संपतंय. नव्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो, आणि डॉक्टर भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता लांबून वाचायला लावतो असं ऐकलं. मला वाचता येतंच, प्रश्न तो नाही. पण भिंती अंधाऱ्या असतात. तुमच्या कंपनीच्या दवाखान्यात तसला तक्ता असेल. त्यावरची अक्षरं वरून खाली क्रमानं कागदावर उतरवून पाठवा. मोठी लिहा. मी पाठ करीन. आणि हे पत्र मी कोणाच्या हाती देणार नाही, स्वतः जाऊन टपालपेटीत टाकणार आहे.

ता. क. तिसरा. सावळेरामजी, हे मी केवलचंद लिहितो. रागावू नका. आमच्या दुकानाबाहेर गोशाळेच्या देणगीची लाल पेटी आहे, आणि टपालाची पेटी पुढच्या खांबाला. रखमाजी आज दुपारी आले, इकडंतिकडं बघितलं, आणि पाकीट आमच्या पेटीत टाकून गेले. डिंक त्यांनी पाकिटाच्या पाठीला लावला होता, तोंड उघडंच होतं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे मला कळतं. पण पहिल्याच पानावर माझं नाव दिसलं.

कुशावहिनींनी मला दिवाळीत बोलावून सांगितलं होतं. अंगणात कडब्याची पेंढी उभी होती आणि रखमाजींनी तिला रामराम केला, चहा घेणार का म्हणून विचारलं. डोळ्यांचं नाव काढलं की चिडतात आणि गाडी सोडत नाहीत. मग मी मागं बसायला लागलो. बांधावरचं पांढरं म्हणजे बगळा नव्हता, खताचं पोतं होतं. बाभळीच्या जागी त्यांचा स्वतःचा वाटेकरी हात हलवत उभा होता. उजव्या खांद्यावर थाप म्हणजे उजवीकडं घ्या, एवढाच अर्थ. आणि मला ऐकू येतं. पण मी उत्तर दिलं की रखमाजी मागं वळून बोलतात, मग रस्ता कोणीच बघत नाही. म्हणून मी बहिरा झालो. बिबट्या होता. त्याच्या मिशा मला दिसल्या. दुसऱ्या दिवशी जाऊ नये असं वाटलं होतं, पण मी नाही गेलो तर ते एकटे जातील. माझंही दुकानात आता काम नाही, संयम तराजूला हात लावू देत नाही. संध्याकाळी ते मागं न बघता मला शिव्या देत असतात, तेवढाच वेळ बरा जातो.

कृपा करून तक्ता पाठवू नका. त्याऐवजी एक करा. पुढच्या महिन्यात पुण्यात आमच्या समाजाचं मोतीबिंदूचं शिबिर आहे, ऑपरेशन, चष्मा, जेवण सगळं फुकट. पण फुकट म्हटलं की ते येणार नाहीत, आत काय डाव आहे म्हणतील. म्हणून तुम्ही त्यांना एक आकडा कळवा, चांगला मोठा. ते घासाघीस करतील. तुम्ही आधी अडून बसा, मग थोडं उतरा, मग पुन्हा अडून बसा. त्यांना खाली खाली आणू द्या. शेवटी ते स्वतःच म्हणतील, "काही देत नाही, जमत असेल तर बघा." त्या वेळी नाराज आवाजात हो म्हणा.

केवलचंद